कॅम्पसमध्ये साडेचार लाखांची विक्रीची नोकरी मिळतेय. घेऊ की थांबू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नऱ्ह्याच्या कॉलेजात मार्केटिंग घेऊन एमबीएचं दुसरं वर्ष, घर लातूरला, डोक्यावर शैक्षणिक कर्ज. कॅम्पसला आलेल्या चार कंपन्यांपैकी तिघींच्या ग्रुप डिस्कशनमध्येच बाहेर पडलात, चौथीने साडेचार लाखांच्या पॅकेजवर विक्रीची नोकरी देऊ केली आहे. ‘घेऊ की थांबू, आणि घरी काय सांगू?’ असं तुम्ही विचारलंय.

मी भोसरीत हायड्रॉलिक होज आणि फिटिंग विकणाऱ्या एका कंपनीचा विक्री विभाग बघते. गेली नऊ वर्षं पुण्यातल्या दोन-तीन एमबीए कॉलेजांत मुलं घ्यायला जाते. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगू शकते. २००९ साली मीही तुमच्याच बाजूला बसले होते, त्याबद्दल शेवटी सांगते.

आधी त्या साडेचार लाखांचं बघू. तुम्ही बारानं भागून साडेसदतीस हजार हातात येतील असं धरलंय. ऑफर लेटरमागचा पगाराचा तक्ता मागून घ्या. विक्रीच्या नोकरीत त्यातला एक भाग इन्सेंटिव्हचा असतो, म्हणजे विक्रीचं टार्गेट गाठलं तरच मिळणारा. समजा तो ९०,००० आहे, तर पक्के उरले ३,६०,०००, म्हणजे महिन्याला ३०,०००. यातच कंपनीने भरायचा पीएफ असतो. मूळ पगार १५,००० धरला तर त्याचे १२ टक्के, १,८००. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे ७२१, आणि ती पाच वर्षं सलग काम केल्याशिवाय सहसा मिळत नाही. विम्याचे पाचेकशे गेले. मग तुमच्या पगारातून कापला जाणारा तुमचा पीएफ, आणखी १,८००, आणि व्यवसाय कर २००. हातात पडतात पंचवीस हजारांच्या आसपास. आकडे उदाहरणाचे आहेत, पण हा हिशेब तुमच्या तक्त्यावर आज रात्री करा. पंचवीस हजारांत पुण्यात राहता येतं. मात्र साडेसदतीस धरून खोली घेतलीत तर तिसऱ्या महिन्यात नोकरीवरच राग निघतो, आणि मी अशी बरीच मुलं सोडून जाताना पाहिली आहेत.

विक्रीची आहे म्हणून नाक मुरडू नका. ‘एमबीए करून दारोदार फिरायचं का’ असं मित्र म्हणत असतील; गिऱ्हाईक नाही कसं म्हणतं हे ज्याने ऐकलंय, त्याला पुढे ऑफिसात बसूनही बाजार कळतो. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. तुम्ही नेमकं काय विकणार, कुणाला, आणि पहिले दोन महिने तुमच्याबरोबर कोण फिरणार? या तीन प्रश्नांची उत्तरं एचआरला सरळ देता आली नाहीत तर सावध व्हा. त्यांनाच विचारून भागणार नाही. तुमच्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी तिथे गेलेला आणि आता सोडलेला कुणी लिंक्डइनवर शोधा, त्याला फोन करा, आणि विचारा की इन्सेंटिव्ह किती महिने पूर्ण मिळाला. सोडून गेलेला माणूस खरं बोलतो. कंपनी नवी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणी कधीची आहे तेही बघा, पैसे पडत नाहीत.

आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणाले, सही केलेला कोरा चेक मागितला, किंवा ट्रेनिंगच्या, लॅपटॉपच्या नावाखाली आधी पैसे भरा म्हणाले, तर कॅम्पसमधून आलेली असली तरी ती नोकरी घेऊ नका. कॉलेजात प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांना काय वाटेल याचा विचार तिथे करायचा नाही.

‘आमच्या बॅचला सरासरी सहा लाख मिळाले आणि मी एकटाच मागे’ असंही तुम्ही लिहिलंय. हे मनातून काढून टाका. दहा मुलं घ्या. नऊ जणांना चार लाख, एकाला बावीस. सरासरी झाली पाच लाख ऐंशी हजार, आणि तेवढा पगार दहापैकी एकालाही मिळालेला नाही. पगारांच्या क्रमाने रांग लावली तर मधल्या मुलाला किती मिळाले, आणि नोकरी लागलेल्यांची टक्केवारी काढताना कितीजण ‘प्लेसमेंट नको’ म्हणून आधीच बाजूला काढले, हे विचारा.

आता ग्रुप डिस्कशन. तिथे पहिलं बोलायला हवं असं काही नाही. आम्ही बघतो ते हे, की आधीच्याचं ऐकून त्याच्या बोलण्यात तुम्ही काही भर घालता का. इंग्रजीचं म्हणाल, तर खराडीतल्या परदेशी बँकांच्या केंद्रांत किंवा हिंजवडीत ते लागतंच, खोटा दिलासा देणार नाही. चाकणच्या कारखान्यात पर्चेसवाल्याशी बोलताना मात्र मराठी आणि हिंदीवर निभतं, आणि वाक्य अडलं म्हणून मी कुणाला नाकारलेलं नाही. रोज रात्री मोबाइलवर दोन मिनिटं आपल्या उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टबद्दल इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. महिनाभर. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

पण खरी गोष्ट त्या प्रोजेक्टचीच आहे, आणि ती नीट सांगते.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा समोर बसला होता. टाय कुणाचा तरी मागून आणलेला, गाठ खूप मोठी. बायोडेटावर ‘डायनॅमिक’, ‘हार्डवर्किंग’, आणि समर प्रोजेक्ट: हडपसरच्या एका बिस्किटांच्या डिस्ट्रिब्युटरकडे, ‘ग्राहक समाधानाचा अभ्यास’. काय केलंत विचारलं, तर त्याने ग्राहक समाधानाची पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली. माझ्या शेजारचे सहकारी पुढचा बायोडेटा उघडत होते. मी सहज विचारलं, ‘‘सकाळी किती वाजता जायचात?’’

‘‘साडेसहाला, मॅडम. टेम्पो भरायला.’’

टेम्पो भरायला कशाला? मग तो मोकळा झाला. फुरसुंगी ते सासवडच्या बीटवर, म्हणजे माल पोचवायच्या ठरलेल्या फेरीवर, एक्केचाळीस दुकानं. डॅमेजचा माल सगळ्यात जास्त त्याच बीटवरून परत यायचा. मालक म्हणायचा दुकानदार लबाड आहेत. हा आठ दिवस टेम्पोत मागे बसून गेला. लहान पुड्यांचे खोके खाली आणि तेलाचे डबे वर रचले जायचे, कारण तेल आधी उतरवायचं असायचं. खड्ड्यांत खालचे खोके दबायचे, पुड्यांचे कोपरे फुटायचे. त्याने डबे खाली आणि मागच्या दाराशी घेतले, बिस्किटं वर आणि आत. ‘‘आधी आठवड्याला तीसेक पुडे परत यायचे, नंतर आठ-नऊ,’’ तो म्हणाला, आणि खिशातून एक लहान डायरी काढून तारखा दाखवल्या. पेन्सिलीने लिहिलेल्या.

यातलं एक अक्षर बायोडेटावर नव्हतं. गाइड सरांनी प्रश्नावली आणि पाय चार्ट करून घेतले होते, तेच छापलं होतं. आम्ही त्याला घेतलं. आज तो आमचा चाकण पट्टा एकटा सांभाळतो.

तुम्हीही उन्हाळ्यात दोन महिने कुठेतरी काढले असतील. तिथे तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलंत? कुठला माल पडून राहायचा, कुठलं गिऱ्हाईक चिडायचं, कुठला कागद चार टेबलांवर अडकायचा? ते आकड्यांसकट एका पानावर लिहून काढा. ‘डायनॅमिक’ खोडा, त्या जागी हे घाला. कुणाच्या दुकानात नुसती सही आणून प्रोजेक्ट उरकला असेल (बरेच जण तसं करतात, मला माहीत आहे), तर अजून वेळ गेलेली नाही. ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडे किंवा वर्कशॉपमध्ये तीन शनिवार जाऊन बसा.

हे पान घेऊन कॅम्पसबाहेर जायचं. पुण्यात कॉलेजात येणाऱ्या कंपन्या मूठभर. न येणाऱ्या कितीतरी. चाकणला मर्सिडीज, बजाज, महिंद्रा, रांजणगावला एलजी, हायर, तळेगावला जेसीबी, आणि या प्रत्येकीभोवती सुटे भाग पुरवणारे छोटे-मध्यम कारखाने. त्यातल्या बऱ्याच छोट्यांकडे एचआर विभागच नसतो, मालक स्वतः माणूस निवडतो. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये किंवा मोशीला औद्योगिक प्रदर्शनं भरतात. तिथे नोकरी मागत फिरू नका. स्टॉलवर बहुतेक वेळा मालकच उभा असतो, त्याला त्याच्या मालाबद्दल विचारा. कामाच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरलेली असते, तेव्हा तो बोलतो. सेनापती बापट रस्त्यावरचं मराठा चेंबर ही १९३४पासूनची उद्योजकांचीच संघटना आहे. त्यांच्या खुल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. नोकरी डॉट कॉमवर दिवसाला पन्नास अर्ज टाकण्यापेक्षा आठवड्याला अशा पाच माणसांशी बोलणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

तर घेऊ की थांबू? पक्का भाग परवडत असेल, वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं समाधानाची असतील, तर घ्या. नसेल तर थांबा, पण थांबणं म्हणजे खोलीत बसून नोटीस बोर्डाची वाट बघणं नव्हे, हे पान आणि ही पायपीट. कर्जाचा हप्ता लगेच सुरू होईल ही तुमची भीती मंजुरीपत्र काढून तपासा. बँका साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराची मुदत देतात. व्याज मात्र त्या काळातही चढत असतं, तेही विचारून घ्या.

राहिला घरचा प्रश्न. मला २००८च्या ऑगस्टमध्ये कॅम्पसवर ऑफर मिळाली होती. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि मंदी आली. माझं जॉइनिंग जून २००९चं होतं. मेमध्ये मेल आला, तीन महिने पुढे. ऑगस्टमध्ये आणखी एक. मग त्यांनी फोन घेणंच बंद केलं. कर्वेनगरात कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहत होते, सोलापूरला घरी सांगितलं होतं की रुजू झाले. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, कारण घरमालकीणबाई आईशी फोनवर बोलायच्या. डिसेंबरात भोसरीत एका डीलरच्या दुकानात शिरले. बेअरिंगच्या समर प्रोजेक्टमध्ये फिरलेल्या वर्कशॉपांच्या तक्रारींचं एक पान माझ्याकडे होतं. ते मालकांनी उभ्या उभ्या वाचलं आणि खुर्ची सरकवली. पगार नऊ हजार.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘सहा महिने मेसचे पैसे कुठून भरत होतीस गं?’’ ती रागावली नव्हती. मी इतके दिवस एकटीने काढले, याचंच तिला वाईट वाटत होतं. तुमच्या वडिलांना या रविवारी फोन करा आणि पगाराचा तक्ता त्यांनाही वाचून दाखवा.