पहिली ते पाचवीचं नवं गणित शिक्षकांपुढे कसं मांडावं

नमस्कार सर. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका क्लस्टरमध्ये (आसपासच्या शाळांच्या गटात) पहिली ते पाचवीच्या शिक्षकांना गणिताचा नवा अभ्यासक्रम समजावून द्यायचाय. हाताशी दोन दिवस, समोर तीसेक शिक्षक, निम्मे मराठी माध्यमाचे, निम्मे कन्नड माध्यमाचे, आणि बऱ्याच शाळा दोनशिक्षकी. याआधीची प्रशिक्षणं स्लाइड वाचण्यात संपली आणि वर्गात काहीच उतरलं नाही, तर या वेळी काय करावं?

दोन दिवसांत सगळा अभ्यासक्रम सांगून होत नाही, तो प्रयत्नच करू नका. स्थानिक किंमत, दशक मोडून वजाबाकी आणि अपूर्णांक हे तीनच विषय घ्या. जुनी आणि नवी पद्धत सर्वांत जास्त वेगळी पडते ती इथेच, आणि मुलांचं गणित कायमचं अडतं तेही इथेच. मापन, आकृत्या, आकृतिबंध हे भाग शिक्षक पुस्तक वाचून नीट शिकवतात, त्यांच्यावर प्रशिक्षणाचा वेळ घालवू नये.

त्याआधी घरी बसून एक काम करून ठेवा. प्रत्येक इयत्तेसाठी एक पान घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा: काय गेलं, काय दुसऱ्या इयत्तेत सरकलं, आणि काय तेच आहे पण शिकवायची रीत बदललीय. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. धड्याचं नाव तेच दिसलं की शिक्षक जुनं टाचण काढतात आणि बदल तिथेच संपतो. शिक्षकांचा पहिला प्रश्न 'आता काय सोडायचं?' हाच असतो. त्याचं उत्तर लेखी हातात पडलं की पुढचं ऐकायला मन मोकळं होतं.

आपल्या भागात आणखी एक तयारी लागते. प्रशिक्षणाचं साहित्य बहुतेक वेळा कन्नडमध्ये येतं. मराठी माध्यमाचे शिक्षक ते वाचतात, पण वर्गात मराठी संज्ञा लागते. अर्ध्या पानाचा तक्ता द्या: संकलन म्हणजे बेरीज, व्यवकलन म्हणजे वजाबाकी, भिन्नराशी म्हणजे अपूर्णांक, बिडी-हत्तु-नूरु म्हणजे एकक-दशक-शतक, सुत्तळते म्हणजे परिमिती, विस्तीर्ण म्हणजे क्षेत्रफळ. अंश आणि छेद दोन्हीकडे सारखेच.

आता पहिला दिवस. सुरुवात प्रस्तावनेने करू नका, थेट काड्यांनी करा. चार-चार शिक्षकांचे गट करा. प्रत्येक गटाला खराट्याच्या साठ काड्या (बोटभर लांबीच्या कापलेल्या), पंधरा रबरबँड आणि तीन रकाने आखलेला एक मोठा कागद द्या. रकान्यांची नावं उजवीकडून डावीकडे: सुट्या, गठ्ठे, मोळ्या. नियम एकच, पाच झाले की बांधायचे. पाच काड्यांचा गठ्ठा, पाच गठ्ठ्यांची मोळी. इथे दहा मुद्दामच वापरायचे नाहीत. दहाचं गणित शिक्षकांच्या इतकं अंगवळणी पडलंय की मुलाला त्यात नेमकं काय अवघड जातं ते त्यांना दिसत नाही.

३८ काड्या मोजून बांधायला सांगा. एक मोळी, दोन गठ्ठे, तीन सुट्या होतात, म्हणून कागदावर १, २, ३ असे आकडे लिहायचे. ते 'एकशे तेवीस' असं वाचू देऊ नका, 'एक, दोन, तीन' असंच वाचायचं. मग आणखी १४ काड्या, म्हणजे दोन गठ्ठे आणि चार सुट्या, मिळवा. सुट्या सात झाल्या, पाच बांधल्या, दोन उरल्या. गठ्ठे पाच झाले, त्यांची मोळी बांधली, रकाना रिकामा. उत्तर २, ०, २. आता त्यातूनच दोन गठ्ठे आणि चार सुट्या परत काढायला सांगा. सुट्या दोनच आहेत आणि गठ्ठ्यांच्या रकान्यात शून्य आहे. या क्षणी खोली शांत होते. मोळी सोडून पाच गठ्ठे करायचे, त्यातला एक सोडून सुट्या सात करायच्या, हे हातांनी केल्यावरच पटतं. तिसरीतलं मूल ५०२ मधून २४ वजा करताना याच जागी अडतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, काही शिक्षक मनात दहाच्या पद्धतीने हिशेब करून उत्तर पाचात बदलायला बघतात. म्हणून गठ्ठे बांधून होईपर्यंत पेन्सिल हातात देऊ नका. दुसरं, आपणच घाईने नियम सांगून टाकतो. गट अडला तरी तीन-चार मिनिटं थांबा, कोणीतरी मोळी सोडतोच. या कृतीला चर्चा धरून सव्वा तास ठेवा. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात अनुभव, मग बोलणं, मग चित्र आणि शेवटी चिन्ह असा क्रम दिलाय. तो काड्यांच्या आधी सांगितला तर पाठ केला जातो, म्हणून कृती झाल्यावरच एका वाक्यात सांगा.

यानंतर संख्यांची नावं. इकडच्या मुलांना हा त्रास दुप्पट होतो. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून मूल ३५ लिहितं. कन्नडमध्ये 'ऐवत्तमूरु' म्हणताना पन्नास आधी येतात. बसमध्ये आणि बाजारात दोन्ही कानावर पडतं. 'एकोणपन्नास'ला तर पन्नास ऐकून मूल ५९ लिहून मोकळं होतं. उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. दुसरीत निदान महिनाभर प्रत्येक संख्या दोनदा बोलायची: 'पाच दशक तीन, त्रेपन्न', 'चार दशक नऊ, एकोणपन्नास'. रूढ नाव सोडायचं नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. कल्पना मुलांच्या सोयीचीच होती, पण जुनी नावं बुडाली अशी पालकांची समजूत झाली. आपल्याकडे मराठी शाळेचा प्रश्न आधीच नाजूक आहे, तेव्हा हे पालकांना आधीच समजावून सांगा.

दुपारच्या सत्रात वजाबाकी. फळ्यावर ५२ वजा २७ लिहा आणि मुलं कोणकोणती उत्तरं देतील ते शिक्षकांनाच विचारा. ३५ हे उत्तर हमखास येईल. त्याचं कारण विचारलं की बहुतेक जण म्हणतात, 'मोठ्यातून लहान वजा केलं.' ते खरं आहे, पण ३५ दुसऱ्या वाटेनेही येतं: बारातून सात काढून पाच लिहिले, पण दशक एकाने कमी करायचा राहिला. चुका दोन, उत्तर एकच. पहिल्या मुलाला दशक मोडणं समजलेलंच नाही, त्याला काड्यांकडे परत न्यावं लागतं. दुसऱ्याला समजलंय, फक्त नोंद राहते, त्याला खोडून वर लिहायची सवय पुरे. म्हणून चाचणीत ४० वजा १७ असं उदाहरण घ्या. मोठ्यातून लहान काढणारा ३७ लिहील, दशक कमी करायला विसरणारा ३३, आणि बरोबर उत्तर २३. उत्तराकडे बघूनच मूल कुठे आहे ते कळतं.

याच उदाहरणात कोणी १३ लिहिलं तर घरची शिकवणी ओळखा. जुन्या रीतीत वरच्या एककाला दहा देऊन खालच्या दशकात हातचा एक मिळवत. आई-आजोबा घरी अजून तेच शिकवतात आणि ती रीत अगदी बरोबर आहे. नव्या पुस्तकात वरचा दशक मोडतात. मूल दोन्ही एकदम करतं: वरचा चार तीन करतं आणि खालचा एक दोन. अशा मुलाला 'घरचं चुकीचं' असं कधीही सांगू नये. घरच्या रीतीने एकदा, पुस्तकाच्या रीतीने एकदा सोडव आणि ताळा बघ, असं सांगावं.

अपूर्णांकासाठी चोवीस सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद कागदी पट्ट्या करा. ए-फोर कागदाच्या लांबीत अशा दहा निघतात, म्हणजे शिक्षकामागे एक कागद पुरतो. चोवीस अशासाठी की अर्धा १२, तृतीयांश ८, चतुर्थांश ६, षष्ठांश ४ आणि अष्टमांश ३ सेंटिमीटरचा होतो आणि घडी पट्टीने तपासता येते. एक पट्टी अखंड ठेवा, बाकीच्यांना घड्या घालून एकाखाली एक मांडा. १/८ हा १/४ पेक्षा लहान का, हे मुलाला तिथे दिसतं, नाहीतर आठ मोठे म्हणून ते १/८ मोठा ठरवतं. भाकरीच्या गोल चित्रावरच राहिलं तर ५/४ कळत नाही, कारण भाकरी संपते. दोन पट्ट्या जोडल्या की ५/४ म्हणजे सव्वा, हे मूल स्वतःच म्हणतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलांना बाजारातून येतातच, ते फळ्यावर आणा. संख्यारेषेवर मुलं जागा मोजायच्या ऐवजी रेघा मोजतात आणि शून्याची रेघही मोजतात. म्हणून पहिली संख्यारेषा घडी घातलेल्या पट्टीच्या कडेवरच काढून घ्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कमीत कमी बोला. प्रत्येकाने आपल्याच पुस्तकातला जूनमध्ये येणारा एक पाठ पंधरा मिनिटं गटापुढे घ्यायचा, बाकीचे तिघे मुलं. मुलं झालेल्यांना एकेक चूक चिठ्ठीवर लिहून द्या (वरची ३७ आणि ३३ त्यासाठी छान) आणि ती करायला लावा. शिक्षकाचा कस उत्तर चुकल्यावर तो काय विचारतो यात असतो. दोनशिक्षकी शाळांचा गट वेगळा करा. चौथी-पाचवी एकत्र असेल तर चाळीस मिनिटांच्या तासात पहिली दहा मिनिटं दोन्ही वर्गांना एकच प्रश्न, साहित्य तेच पण संख्या वेगळ्या, मग पंधरा मिनिटं एका वर्गाशी आणि पंधरा दुसऱ्याशी, अशी विभागणी बसते. नलिकलीची (कर्नाटकातल्या सरकारी शाळांमधल्या खेळत-करत शिकण्याच्या पद्धतीची) सवय असलेल्या पहिली ते तिसरीत गटकाम नवं नाही. चौथीत मुलं एकदम रांगेत आणि फळ्यासमोर येतात, तिथे जास्त लक्ष द्या.

साहित्य विकत घेऊ नका. गणित कलिका आंदोलनाचा (कर्नाटकातल्या सरकारी शाळांसाठीच्या गणित उपक्रमाचा) संच बऱ्याच सरकारी शाळांच्या कपाटात आहे. त्यात दशमान ठोकळे, अपूर्णांकांचे तुकडे, खेळातल्या नोटा, तराजू मिळतील. तुकडे हरवतील आणि नोंदवहीत कमी दिसतील या धास्तीने तो बाहेर निघत नाही. गटागणिक लहान पिशव्या करा, प्रत्येकीवर आतली संख्या लिहा, तासाच्या शेवटी मुलांनी मोजून परत द्यायच्या. मुख्याध्यापकांनाही प्रशिक्षणात तासभर बसवा, म्हणजे एखादा तुकडा हरवल्यावर शिक्षकावर बोल येणार नाही.

खरी परीक्षा पुढच्या दीड महिन्यात असते. दर महिन्याच्या समालोचना सभेत (क्लस्टरमधल्या शिक्षकांच्या बैठकीत) प्रत्येकाने पाच वह्या आणायच्या आणि वीस मिनिटं फक्त चुका बघायच्या. शाळाभेटीला जाताना तक्ता घेऊन टिकमार्क करू नका. एकच गोष्ट बघा, मूल आपलं उत्तर कसं आलं ते सांगू शकतं का. पुस्तक किती पानं झालं हे तुम्ही विचारलंत की शिक्षक पानं उरकायला लागतात. पाठ मागे पडल्याची धास्ती असेल त्यांना निपुण भारतची (केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-लेखन आणि संख्याज्ञान मोहिमेची) उद्दिष्टं दाखवा: पहिलीअखेर ९९ पर्यंत, दुसरीअखेर ९९९ पर्यंत, तिसरीअखेर ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता येणं. हे पक्कं असेल तर बाकीचं सावरून घेता येतं.

पहिली आकारिक चाचणी जुन्या धर्तीची निघाली तर शिक्षक आठवड्यात जुन्या रीतीवर जातील. दोष त्यांचा नाही, गुण जिथे मिळतात तिथेच शिकवणं वळतं. दहातले निदान तीन प्रश्न चित्राचे किंवा 'कसं केलंस ते सांग' असे असावेत, आणि ते क्लस्टरनेच एकत्र बसून जूनअखेर तयार करावेत.

पालकांची एक तक्रार नक्की येईल: आता पाढे पाठ करून घेत नाहीत. एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) पहिल्याच बैठकीत सांगा की पाढे आहेत, रोज पाच मिनिटं म्हणायचे आहेत. फक्त सात आठे छप्पन्न विसरलं तर सात पाचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस मिळवून मूल ते परत काढू शकेल. फळ्यावर करून दाखवा, पटतं.

वेळापत्रक आखताना एक लक्षात ठेवा. तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी या जास्त पावसाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाच्या सुट्ट्या लागतात आणि आलेली मुलंही कमी असतात. स्थानिक किंमत जूनमध्येच पूर्ण करा, अपूर्णांक दसऱ्याच्या सुट्टीनंतर ठेवा, आणि पावसाळ्यातल्या तुटक दिवसांत मापन आणि आकृत्या घ्या, म्हणजे एखादा तास बुडाला तरी पुढचा पाठ अडत नाही. मराठी पुस्तकं उशिरा पोचली तर पहिल्या दोन पाठांच्या झेरॉक्स क्लस्टरच्या पातळीवरच काढून घ्या.