भात माहेरचा, तास सासरचे?

प्रश्न : आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मुलगी लग्न करून इस्रायलमध्ये अश्दोदला असते. जावयाचं घराणं मूळचं जर्मनीतलं. त्यांच्यात पेसाहला, म्हणजे खमीर वर्ज्य असलेल्या आपल्या सणाला, भातही वर्ज्य, पण मटणानंतर दूध-दह्यासाठी तीनच तास थांबतात. आमच्या घरी भात चालतो, थांबायचं मात्र सहा तास. मुलगी म्हणते, "भात आईचा, तास सासूबाईंचे. दोन्हीला रब्बींचा, आपल्या धर्मगुरूंचा, आधार आहेच." पेसाहला मी तिच्याकडे जाणार आहे. तांदूळ नेऊ का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून आईचं सूप डोळ्यांसमोर आलं. पेणच्या घरी ती पेसाहआधी तांदूळ तीनदा निवडायची, गव्हाचा एक दाणा राहू नये म्हणून. तिच्या तोंडी सणाचं नावही जुनंच, अनाशी ढाकाचा सण.

भाताचा वाद तालमूदमध्येच, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथातच, निघाला आणि तिथेच मिटला. रब्बी योहानान बेन नूरी तांदळाला गव्हा-जवाच्या पंगतीत बसवत. म्हणजे त्यालाही खमीर धरतं. पण राव हूनांनी सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या पहिल्या जेवणाच्या, रात्री मांडायच्या दोन शिजवलेल्या पदार्थांत बीटची भाजी आणि भात सांगितला. त्यावरून राव अशींनी ठरवलं, की बेन नूरींचं मत कुणी धरत नाही. जर्मनीकडची बंदी हा पुष्कळ नंतरचा रिवाज. तांदूळ-कडधान्यांत गव्हाचे दाणे मिसळायचे, म्हणून. 1565 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या 'शुल्हान आरूख' या धर्मनियमांच्या ग्रंथात योसेफ कारोंनी भाताला मोकळीक दिली; क्राकूवच्या मोशे इस्सेर्लेसांनी त्यावर टीप जोडली, की अश्केनाझी, म्हणजे जर्मनीकडचे ज्यू, तो खात नाहीत आणि हा रिवाज मोडू नये. ज्याच्या घरी जे चालत आलं, त्याला तो बांधील.

तुमच्या मुलीचं गणित मात्र मला मुळीच पटलं नाही. तालमूद सांगतो : हिल्लेल आणि शम्मई, या दोन्ही जुन्या गुरूंच्या घराण्यांच्या सवलती तेवढ्या उचलतो तो दुष्ट, आणि दोघांची बंधनं ओढून घेतो तो अंधारात चालणारा मूर्ख. धरायचं तर एकच घर, सवलतींसकट आणि बंधनांसकट. लग्नानंतर बायकोने नवऱ्याकडचा रिवाज धरायचा, अशी आपल्यात रीत आहे. तेव्हा तिला तीन तास पुरेत, पण भात नाही.

तुमचा रिवाज मुलीच्या लग्नाने बदलत नाही. तांदूळ इथूनच निवडून न्या. घरात तो ठेवायला इस्सेर्लेसांचीही ना नाही. चुकून दाणे रश्शात पडले तरी रस्सा बाद होत नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. तरी मुलीची पातेली घेऊ नका, पेसाहसाठी एक नवं छोटं पातेलं सोबत असू द्या. आणि जावयाला आधी फोन करून विचारा. वाद होईल असं वेगळं वागू नये, हे मिश्नाचंच, म्हणजे तालमूदच्या मूळ नियमसंग्रहाचंच, सांगणं आहे. त्याचं मन नसेल, तर ते दिवस बटाट्यावर काढा.

मी रब्बी नाही. मुलीने तिकडच्या रब्बींना विचारावं, पण एकालाच. एकाने 'नाही' म्हटलं, की 'हो' म्हणणारा दुसरा शोधत फिरायचं नाही.