फाईल तापीत सोडू नका

वाचकांचे प्रश्न : मुलाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यानंतर

या अंकातले प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या आई-वडिलांनी पाठवले आहेत. मुलांच्या कॅन्सर विभागात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलाला चौथ्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, एएलएल. मुंबईला अडीच वर्षं उपचार झाले. गोळ्या बंद होऊन चार महिने झाले. सासूबाई म्हणतात, त्या दुखण्याचे कागद घरात नकोत, तापीत सोडून द्या. ती पिशवी दिसली की माझ्याही पोटात गोळा येतो. काय करू? – एक आई, यावल तालुका

पिशवी डोळ्यांसमोरून हलवा, पण फाईल सोडू नका. काही दिवस माहेरी भावाकडे ठेवली तरी चालेल. सासूबाईंनाही सांगा की हे कागद दुखण्याचे नाहीत, नातवाचे आहेत. त्याला ते तुमच्यानंतरही लागणार आहेत.

केमोची काही औषधं आपला परिणाम दहा-वीस वर्षांनी दाखवतात, आणि कोणती तपासणी करायची हे कोणतं औषध किती गेलं यावरूनच ठरतं. लाल रंगाचं जे औषध सलाईनमधून जायचं, म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन, त्याचा भार हृदयाच्या स्नायूंवर येतो. त्याची एकूण मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा जास्त झाली असेल, तर दर २ वर्षांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागते. कमी असेल तर अंतर वाढतं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, विशेषतः उपचाराच्या वेळी वय दहाच्या पुढे असेल तर. मूल लंगडायला लागलं, मांडी घालून बसताना जांघेत दुखतं म्हणालं, तर त्याला ‘खेळताना लागलं असेल’ म्हणून सोडू नका. सिस्प्लॅटिन मिळालेल्या मुलांचे कान तपासावे लागतात, आयफॉस्फामाईड मिळालेल्यांचं मूत्रपिंड. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर उंची, थायरॉइड आणि अभ्यास या तिन्हींवर लक्ष हवं. मुलगी असेल तर लाल औषधाची नोंद तिच्या बाळंतपणात लागते, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो. पंचविसाव्या वर्षी ‘लहानपणी काहीतरी कॅन्सर झाला होता’ एवढंच सांगता आलं, तर डॉक्टर तरी काय शोधणार?

सगळा ढीग जपायची गरज नाही. औषधांची बिलं योजनेचं आणि विम्याचं काम संपलं असेल तर काढून टाका. ठेवायचं ते असं: निदानाचा बोन मॅरोचा किंवा बायप्सीचा रिपोर्ट, प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड, केमोचा तारीखवार तक्ता, पाठीतल्या इंजेक्शनांच्या नोंदी, रेडिएशनचा कागद, इकोचे रिपोर्ट, रक्त आणि प्लेटलेट किती वेळा चढवल्या, आणि कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली. ही शेवटची नोंद बहुतेक फायलींत नसते, फक्त आईच्या डोक्यात असते. ‘अमुक इंजेक्शन देताना अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले’, असं आजच लिहून ठेवा. चार-पाच वर्षांनी कोणत्या औषधानं ते झालं हे आठवत नाही.

पुढच्या तपासणीला उपचारांचा एकपानी गोषवारा मागा. ‘ट्रीटमेंट समरी’ म्हटलं की ओपीडीत कळतं. त्यात औषधांची नुसती नावं नकोत, प्रत्येकाच्या एकूण मात्रेची बेरीज हवी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी चालते. तिला अॅक्ट क्लिनिक म्हणतात. तुमचा मुलगा तिथला असेल तर तिथे कधी पाठवणार हे विचारून ठेवा.

कागदांबद्दल एक बारीक गोष्ट. लॅबच्या मशीनमधून निघणारा गुळगुळीत, चकचकीत कागद काही वर्षांत कोरा होतो. त्याची आधी झेरॉक्स काढा. टिकावा म्हणून लॅमिनेट करायला देऊ नका, उष्णतेनं तो सबंध काळा पडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवला तर तो आणखी लवकर खराब होतो. सीटी किंवा एमआरआयची सीडी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मूळ कागद एका घरी आणि झेरॉक्स दुसऱ्या घरी असाव्यात, म्हणजे वाळवी लागली तरी सगळं जात नाही.

प्रश्न : मुलीचे उपचार संपून वर्ष झालं. पण अंग जरा गरम लागलं की आम्ही रात्रीच लॅबवाल्याला उठवतो. गेल्या पावसाळ्यात प्लेटलेट नव्वद हजार आल्या आणि आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही. नंतर तो डेंग्यू निघाला. केव्हा घाबरायचं आणि केव्हा नाही? – एक वडील, अमळनेर

दोन वर्षं ‘ताप आला की लगेच निघा’ हेच तुमच्या मनावर ठसवलं होतं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. केमो संपल्यावर पहिले सहा महिने, किंवा छातीत पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी) असेपर्यंत, तोच नियम पाळा: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. पोर्ट फ्लश केल्यावर (औषध सोडून धुतल्यावर) थंडी वाजून ताप आला तर तासाभराचाही उशीर नको. तुमच्या मुलीचा पोर्ट निघाला असेल, तर हा टप्पा तुम्ही ओलांडला आहे.

आता आधी ताप नीट मोजा. उन्हातून आलेल्या मुलाला वीस मिनिटं सावलीत बसवून, घाम पुसून मग डिजिटल थर्मामीटर काखेत लावा. हातानं अंग चाचपून रात्री निर्णय घेऊ नका. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त डोस नाहीत. वीस किलोच्या मुलीला ३०० मिलिग्रॅम झाले. चूक होते ती बाटलीत: ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ६ मिली होतात, आणि ५ मिलीत १२५ असलेल्याचे १२ मिली. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा. डेंग्यूचे दिवस असतील तर आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन देऊ नका.

साध्या व्हायरल तापातही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, डेंग्यूत तर उतरतातच. ते काउंट साधारण दोन आठवड्यांत परत जागेवर येतात. आजार उलटला असेल तर ते येत नाहीत, आणि स्लाइडवर ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, दिसतात. म्हणून एका आकड्यावरून हातपाय गाळू नका. डॉक्टरांना मुलीचा पूर्वेतिहास सांगा, सीबीसीबरोबर ‘पेरिफेरल स्मिअर’ (रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहणं) लिहून मागा आणि डेंग्यूची तपासणी करा. सीबीसी पुन्हा केव्हा करायची ते त्यांना ठरवू द्या. डेंग्यू असेल तर ती रोजही लागू शकते.

मुंबईच्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा तो असा: तीन दिवसांनंतरही न उतरणारा आणि कारण न सापडलेला ताप, अंगावर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके, वाढता फिकेपणा, न दुखणाऱ्या आणि वाढत जाणाऱ्या गाठी, रात्री झोपेतून उठवणारं हाडांचं दुखणं, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी, नव्यानं आलेला तिरळेपणा. मुलगा असेल तर महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी वडिलांनी अंडकोष पाहावेत. एक बाजू दुखत नसताना मोठी, टणक लागली तर दाखवावी. एएलएल उलटण्याच्या जागांपैकी ती एक आहे, आणि मुलं लाजेनं बोलत नाहीत.

एएलएल उलटण्याचा धोका गोळ्या थांबल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो, पाच वर्षांनंतर फारच कमी होतो. मध्ये मनाच्या समाधानासाठी दर आठवड्याला सीबीसी केली तर समाधान मिळत नाही. आकडे थोडे वर-खाली होतच राहतात आणि प्रत्येक उतार नवी रात्र जागवतो. ठरलेल्या तारखांनाच करा. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात घरात चिडचिड वाढते, झोप उडते. हे बहुतेक घरांत होतं. त्या आठवड्यात लग्नाची बोलणी, शेताची वाटणी असले विषय काढू नका.

प्रश्न : लस पुन्हा द्यायची का? अंगणवाडीत म्हणतात, कार्डावर सगळं पूर्ण आहे. – एक आई, शहादा

कार्ड पूर्ण असलं तरी केमोनं जुन्या लसींची ताकद कमी झालेली असते. बहुतेक मुलांना केमो संपल्यावर सहा महिन्यांनी बूस्टर सुरू करतात. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत असतात, त्या सहा महिन्यांच्या आत मुळीच नकोत. मुंबईहून तसं पत्र आणा आणि आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंना दाखवा, त्या नाही म्हणणार नाहीत. आणि केमो चालू असलेल्या मुलाच्या घरात धाकट्या भावंडाला पोलिओचे तोंडातले थेंब देऊ नका, त्याऐवजी इंजेक्शनची लस द्या.

प्रश्न : आमची लेक दिवाळीनंतर गेली. नऊ वर्षांची होती. आता पहिली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येतेय. घरातले म्हणतात, लहान पोरीची घागर भरत नाहीत. मला भरायची आहे. हे तर तिचं नावच काढत नाहीत. तिचे कपडे, औषधं, सगळं तसंच पडलंय. – एक आई, साक्री तालुका

ताई, घागर भरावीशी वाटत असेल तर भरा. प्रत्येक घराची रीत वेगळी असते, आणि आईनं लेकीसाठी पाणी ठेवलं तर त्यात कुणाचं अशुभ होत नाही. घरात वाद नको असेल तर तिच्या आवडीचा पदार्थ करून आगारी टाका (विस्तवावर नैवेद्य ठेवा), किंवा तिच्या वर्गातल्या मुलांना आमरस-पोळी जेवू घाला. मात्र काही न करता तो दिवस ढकलू नका. आदल्या दिवशीच ठरवा की काय करायचं आणि सोबत कोण असेल.

औषधांचं काम आधी उरका. केमोच्या गोळ्या आणि मॉर्फिन कचऱ्यात, उकिरड्यावर किंवा मोरीत टाकू नका. बंद पिशवीत घालून उपचार केलेल्या रुग्णालयाच्या औषध विभागात परत द्या. जाणं होणार नसेल तर कुणी जाणारं असेल त्याच्या हाती चिठ्ठीसह पाठवा.

कपड्यांची घाई नको. कुणी ‘उचलून टाका’ म्हणालं तरी वर्षभर हात लावला नाही तर काही बिघडत नाही. एखादा न धुतलेला फ्रॉक हवाबंद पिशवीत ठेवला तर तिचा वास जास्त दिवस राहतो. तिचा आवाज मात्र आजच वाचवा: व्हॉट्सअॅपवरचे तिचे व्हॉइस मेसेज आणि व्हिडिओ फोन बदलला किंवा बिघडला की जातात. भाच्याला सांगून ते पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्याच्या फोनवरही ठेवा.

लग्नकार्यात ‘पोरं किती?’ हा प्रश्न येणारच. उत्तर आधी ठरवून ठेवा. ‘दोन, थोरली देवाघरी गेली’ असं म्हणा, किंवा अनोळखी माणसाला ‘एक’ म्हणून पुढे सरका. दोन्ही खरं आहे, आणि ‘एक’ म्हटल्यानं लेकीशी बेइमानी होत नाही.

दादा नाव काढत नाहीत याचा अर्थ त्यांना आठवत नाही असा नाही. अनेक बाप शेतावर एकटे रडतात. समोरासमोर बसून विचारू नका. गाडीवरून जाताना, गोठ्यात काम करताना तुम्हीच तिची साधी गोष्ट काढा, ‘तिला भरीत किती आवडायचं’ अशी. उत्तर आलं नाही तरी चालेल. धाकटा असेल तर त्याला स्पष्ट सांगा: ताईचा आजार कुणाच्या चुकीनं झाला नाही, तो शिवल्यानं लागत नाही, तुला झालेला नाही. मुलं हे विचारत नाहीत, मनात मात्र धरून बसतात.

कित्येक आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, किंवा ‘तिच्याकडे जावं’ असं मनात येऊ लागलं तर त्याच दिवशी घरात सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची मोफत टेलिमानस सेवा आहे, मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : उपचार संपले, आता रेल्वेची सवलत बंद झाली का? – एक वडील, रावेर

नाही. कॅन्सरच्या रुग्णाला ठरलेल्या तपासणीसाठी जातानाही सवलत मिळते. स्लीपर आणि थ्री-एसीत मुलाचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचं रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. तिकीट स्टेशनच्या आरक्षण खिडकीवरून काढा. लोक अडकतात ते इथे: प्रमाणपत्रावर सही आहे पण शिक्का नाही, मुलाचं नाव आधारपेक्षा वेगळं लिहिलंय, किंवा मुदत उलटली. ओपीडी सोडण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी पाहा. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे, त्यासाठी जवळच्या आगारात विचारा.