बेसबोर्ड हीटरची टकटक

भिंतीच्या तळाशी बसवलेल्या, गरम पाण्यावर चालणाऱ्या बेसबोर्ड हीटरमधून टकटक येते? घाबरू नका, टकटक म्हणजे पाणी तापवणारा बॉयलर बिघडला असं नव्हे. न्यू जर्सी, बॉस्टनकडच्या जुन्या घरांत हे चालायचंच. तांब्याची वीस फुटी नळी ७० वरून १८० अंश फॅरनहाइटला तापली की जवळपास पाव इंच लांबते आणि सरकताना आवाज करते. पुढचं पत्र्याचं झाकण काढा. नळीवरचे अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पंख तिला धरणाऱ्या ब्रॅकेटवर घासलेले दिसतील. तिथे प्लॅस्टिकची सरकपट्टी बसवा. नळी जमिनीतून वर येते ते भोकही बघाच, लाकडाला टेकली असेल तर आवाज तिथूनच येतो. खळखळ असेल तर मात्र आत हवा आहे. बॉयलर बंद करून, पाणी निवल्यावर ब्लीडर (हवा सोडायची छोटी झडप) उघडा, सलग धार लागेपर्यंत. बॉयलरच्या प्रेशरवर लक्ष ठेवा; दुमजली घराला थंड असताना साधारण १२ पीएसआय (दाब मोजायचं एकक) लागतं.