पडवी, खळं आणि गच्ची: गाणी तिन्हीकडे, पण सिस्टीम कुठली?

प्रश्न (देवगडहून एक वाचक): आमचं जांभ्या दगडाचं जुनं घर आहे, पुढे लांब पडवी, समोर मोठं खळं (अंगण) आणि आता गच्चीवर पत्रा टाकून बसायला जागा केलीय. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याची सगळी मंडळी येतात. पडवीत थोरल्यांना नाट्यसंगीत पाहिजे, गच्चीवर पोरांचं वेगळंच काहीतरी. भाचा म्हणतो मामा तिन्हीकडे वायफाय स्पीकर घ्या, गावातला साऊंडवाला म्हणतो दोन मोठे बॉक्स लावतो, आख्खी वाडी ऐकेल. काय करू?

उत्तर: दोन मोठे बॉक्स तेवढे नको. साऊंडवाला खोटं बोलत नाहीये, वाडी खरंच ऐकेल, पण आपल्याला वाडीला ऐकवायचं नाहीये ना. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, भिंती नसतात त्यामुळे परतून काही येत नाही. म्हणजे खळ्याच्या टोकाला ८ मीटरवर बसलेल्याला गप्पांच्या मागे चालेल असं ६५ डेसिबलचं गाणं पोचवायचं तर स्पीकरपासून १ मीटरवर ते ८३ होतं, आणि नेमकी तिथेच कोणीतरी आजी खुर्ची टाकून बसलेली असते. म्हणून बाहेरच्या जागेत स्पीकर छोटे घ्यायचे, जास्त घ्यायचे आणि प्रत्येकाचा आवाज बेताचा ठेवायचा. पडवीत साधारण ३-४ मीटरवर एक, थोडा खाली झुकवून, बास. आणि स्टीरिओचा हट्ट सोडा, सगळे फिरत असतात, डावा-उजवा कोण ऐकतोय, सगळीकडे मोनो द्या, म्हणजे प्रत्येक स्पीकरमधून तोच पूर्ण आवाज.

आता एक गोष्ट जी दुकानात सहसा कोणी विचारत नाही. तुम्हाला जागोजागी वेगळं गाणं पाहिजे की वेगळा आवाज? ह्या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि खर्चात खूप फरक पडतो. तुमच्या पत्रावरून मला दिसतंय की पडवी आणि खळं ह्यांना गाणं एकच चालेल, फक्त पडवीत हळू आणि खळ्यात जरा मोठं, वेगळं गाणं फक्त गच्चीला हवंय. म्हणजे जागा (झोन) तीन पण गाण्याचे सोर्स दोनच. झोन जितके तितके अँप (अँप्लिफायर) असं धरून कोटेशन आलं तर तिथेच थांबवा.

पडवी-खळ्यासाठी मी १०० व्होल्ट लाइनचं अँप घेईन. हो, तेच जे देवळात, शाळेत, हॉलमध्ये असतं. लोक त्याला नाकं मुरडतात, पण लांब वायर आणि खूप स्पीकर ह्या दोन्हीसाठी ते बनलेलंच आहे. घरगुती अँपला ८ ओहमचे चार स्पीकर पॅरलल जोडले की लोड २ ओहमवर येतो, आणि बरीचशी अँप ४ च्या खाली गेली की तापून बंद पडतात नाहीतर उडतात. १०० व्होल्टमध्ये प्रत्येक स्पीकरला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यावर किती वॅट घ्यायचे ते ठरवायला ५ वॅट, १० वॅट असे टॅप असतात, आपण नुसती बेरीज करायची. ८ स्पीकर १० वॅटवर म्हणजे ८०, अँप १२० वॅटचं घ्या, वीसेक टक्के तरी मोकळी जागा राहिलीच पाहिजे. पडवीला एक आणि खळ्याला एक अटेन्युएटर (आवाज कमी-जास्त करणारा) बसवायचा, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं भिंतीवर गोल बटण येतं, मामींना फोन शोधायला नको की ॲप उघडायला नको. स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये बेस जरा बसका येतो हे खरंय, पण नाट्यसंगीताला ते चालून जाईल, ऑर्गन आणि गळा नीट ऐकू आला म्हणजे झालं.

गच्चीला मात्र भाच्याचं ऐका. तिथे एक स्ट्रीमिंग अँप (नेटवरून स्वतःच गाणी घेणारं) आणि दोन बऱ्यापैकी स्पीकर. विम, सोनोस, यामाहा, जे बजेटमध्ये बसेल ते, पण खालच्या १०० व्होल्टवाल्या अँपच्या ऑक्सला (बाहेरून गाणं जोडायच्या इनपुटला) जो स्ट्रीमर लावाल तो त्याच कंपनीचा घ्या, म्हणजे आरतीच्या वेळी दोन्ही एकत्र जोडून वर-खाली एकच लावता येतं. वेगवेगळ्या कंपन्यांची किंवा एकीकडे ब्लूटूथ एकीकडे वायफाय अशी खिचडी केली तर आवाज मागेपुढे होतो आणि मधल्या जिन्यात उभ्या माणसाला टाळ दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. तसा आवाजाला १७ मीटर जायला सुद्धा ५० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे खळ्याच्या टोकाला थोडा एको राहणारच, त्यात उपकरणांनी भर घालायला नको.

जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफायचा दम निघतो, ५ गिगाहर्ट्झचा तर लगेच. म्हणून दोन्ही उपकरणांना लॅनची वायर ओढा, वायफाय फक्त फोनपुरतं राहू दे. आणि थोडी गाणी पेनड्राइव्हवर ठेवा, नेट गेलं तरी कार्यक्रम थांबत नाही. लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर साइनवेव्हचा आहे ना बघून घ्या, स्क्वेअरवेव्हवर अँप भुणभुणतं.

पैसे जिथे घालायचे ते सांगतो. वायर आणि स्क्रू. गच्चीची वायर ३० मीटर धरली तर १.५ स्क्वेअर एमएममध्ये जाऊन-येऊन साधारण पाऊण ओहमचा अडथळा येतो, २.५ घेतली तर तो अर्ध्या ओहमच्या आत येतो, म्हणून २.५ ची तांब्याचीच घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते ती नको. सगळी पाइपातून न्या, नाहीतर उंदीर आहेतच. स्पीकरात शिरायच्या आधी वायरला खाली झोल द्या म्हणजे पाणी झोलावरून गळून जाईल, आत जाणार नाही. खळ्यातल्या उघड्या स्पीकरला आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) पाहिजेच, पडवीत पागोळ्यांच्या आत असेल तर आयपीएक्स ४ चालेल, पण पावसाची झड जिथवर येते तो भाग उघडाच धरा. स्पीकरचा कागदी कोन (आतला पडदा) अजिबात नको, बुरशी येते, पॉलिप्रॉपिलीन आणि रबरी कडा बघा. आणि तुम्ही समुद्राजवळ आहात तर स्क्रू-क्लॅम्प ३१६ ग्रेड स्टीलचे, खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजतो आणि मग स्पीकर चांगला असून खाली येतो.

खळ्यातले स्पीकर घरावर लावून बाहेर तोंड करू नका. गडग्याच्या (कुंपणाच्या) बाजूला लावा आणि तोंड घराकडे. वायर जास्त लागेल, पण आवाज आत राहतो आणि शेजारी गणपतीला यायचे थांबत नाहीत. अँप घरात, हवा खेळेल अशा कोरड्या कपाटात, पडवीत डब्यात ठेवलं तर उबेला पाली आणि मुंग्या येऊन बसतात. आणि गच्चीवर पत्र्यावर जोरात पाऊस लागला की गाणं बंद करा सरळ, त्याच्यावर ओरडून स्पीकर जिंकत नाही.

प्रश्न (काशीदहून एक होमस्टे चालवणाऱ्या ताई): आमच्याकडे झाडाखाली आणि स्विमिंग पूलपाशी असे दोन झोन आहेत. पाहुणे रात्री आवाज वाढवतात, शेजारून तक्रार येते. काही लॉक करता येतं का?

उत्तर: येतं की. पाहुण्यांच्या हातात फक्त अटेन्युएटर द्या, अँपचं मेन व्हॉल्यूम दिवसा एकदा सेट करून कपाटाला कुलूप. बऱ्याच स्ट्रीमिंग ॲपमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालायची सोय असते, ती पण वापरा. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि खाजगी जागेतल्या साऊंड सिस्टीमचा आवाज हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ आहे. तेव्हा ९:५० ला बाहेरच्या झोनची लाइन टायमरनेच तोडा, म्हणजे पाहुण्यांशी तोंड लावायची वेळच येत नाही. एक अजून, तुमचा धंदा आहे, त्यामुळे स्वतःच्या स्पॉटिफाय अकाउंटवरून गाणी लावणं त्यांच्या अटीत बसत नाही, ते फक्त वैयक्तिक वापरासाठी असतं, आणि रेकॉर्ड केलेली गाणी गिऱ्हाइकांना ऐकवायला आयपीआरएस, पीपीएल ह्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांची लायसन्सं लागतात. तो खर्च पहिल्यापासून धरून चाला.

प्रश्न (नागपूरहून एक वाचक): भाड्याचं घर आहे, गच्ची मिळालीय, भिंतीला ड्रिल करता येत नाही. वायरशिवाय दोन कोपऱ्यांत गाणी?

उत्तर: एकाच मॉडेलचे दोन बॅटरीवाले ब्लूटूथ स्पीकर घ्या जे एकमेकांना जोडता येतात, आयपी ६७ असले तर उत्तम. एवढं पुरेसं आहे, भाड्याच्या घरात ह्याहून जास्त पैसे घालू नका. फक्त मे महिन्यात ते दुपारभर गच्चीवर विसरू नका, तुमच्याकडच्या ४५ डिग्रीत लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.