आधी माप

टेकडीवर चालवायला तू घेणार आहेस त्या सायकलींचे तीन फोटो पाहिले. गिअर किती, शॉकर पुढे की दोन्हीकडे, डिस्क ब्रेक कुठला, सगळं व्यवस्थित लिहिलंयस. फ्रेम किती इंची, ते मात्र एकाही फोटोखाली नाही. तुझी उंची पाच फूट दोन. तेव्हा पहिला प्रश्न तोच होता.

दुकानदार तुला अठरा इंची दाखवेल, कारण शिल्लक तीच असते. वर म्हणेल, "सीट खाली घेऊ, बसेल तुम्हाला." सीट खाली गेली तरी हँडल नावापुरतंच जवळ येतं गं, आणि सीटपासून हँडलकडे जाणारा वरचा पाइप जिथल्या तिथेच. वेताळ टेकडीच्या सुट्या मुरमावर झटकन पाय टेकायची वेळ आली, की त्या पाइपाचा अर्थ कळतो. सायकल दोन पायांत घेऊन जमिनीवर उभी राहा. पाइप आणि तू यांत किमान दोन इंच जागा हवी. तुला साधारण पंधरा इंची लागेल, म्हणजे 'एस'. काही कंपन्यांची 'एक्सएस'.

आमच्या पिढीचं सगळं वाढत्या अंगाचं. शर्ट, बूट, सायकलसुद्धा. त्या सायकलीवर मी वळण घ्यायला कधी शिकलोच नाही, नुसता पडायचं टाळत राहिलो. त्याची चुटपुट अजून जात नाही. तू आता वाढणार नाहीयेस. मापाची घे.

तिसऱ्या फोटोतली मागे स्प्रिंगवाली विसर. तुझ्या पंचवीस हजारांत ती स्प्रिंग म्हणजे वजन आणि खिळखिळे होणारे सांधे. पुढच्या शॉकरचंही फार कौतुक नको. स्वस्त फोर्कमधली, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातली, स्प्रिंग मध्यम वजनाच्या माणसाला धरून बसवलेली असते. तू जेमतेम पन्नास किलो, तुझ्याखाली ती धड दबणारही नाही. 1976 पासून कॅलिफोर्नियात रिपॅक नावाच्या उतारावर शर्यती लावणारी पोरं जुन्या, शॉकर नसलेल्या सायकलींवरच सुटायची. शॉकरचे फोर्क बाजारात रुळले ते 1990 च्या आसपास.

पेडल, टायर, ब्रेक, अगदी चाकंसुद्धा पुढे पैसे येतील तशी बदलता येतात. फ्रेम बदलणं म्हणजे नवी सायकल घेणं. म्हणून आधी माप. पुन्हा सांगू? आधी माप.

मापाच्या दोन सायकली समोर आल्या, तर मागचं चाक बघ. सात गिअरच्या सायकलीला बहुधा आटे पिळून बसवलेलं फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, टोकापासून फार आत पडतं, आणि आदळआपट झाली की एक्सल वाकतो. कॅसेटचा हब, म्हणजे चकत्या आटे न पिळता सरकवून बसवायचा चाकाचा मधला भाग, मिळाला तर रंग आवडला नाही तरी तीच घे.

जुनी चालेल का, हे तू विचारलंच नाहीस. चालेल. मी तर म्हणतो जुनीच बघ, याच पैशात हवेचा फोर्कही पदरात पडेल, आणि तो तुझ्या वजनाला पंपाने जुळवता येतो. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरव, कुठे अडकलं तर सोडून दे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलव, हँडलखाली खटखट व्हायला नको. तिथल्याच वेल्डिंगजवळ रंगात केसासारखी रेघ दिसली तर किंमतसुद्धा विचारू नकोस. आणि तीनेक हजार हेल्मेट, पंप, जादा ट्यूब यांसाठी आधीच बाजूला काढ. यावर वाद नको.

माझ्या सव्वीस इंची चाकांवर तुम्ही पोरं हसता, माहीत आहे मला. टायर शोधताना नाकी नऊ येतात, तेही कबूल. पण फ्रेम माझ्या मापाची आहे, आणि उतारावर ती मी म्हणेन तिथे जाते. मग का विकू? तू साडेसत्तावीसची चाकं घे, माझा हट्ट तुझ्या गळ्यात नको.

शनिवारी जाणार असशील तर कळव, मी येतो. आधी घरी अनवाणी भिंतीला टेकून उभी राहा, एक जाड पुस्तक दोन पायांत वरपर्यंत घट्ट सरकव आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून ठेव. दुकानात मी मध्ये बोलणार नाही. बहुतेक.

काका