गॅप काढलास का?

अगं, पेशंटच्या रक्ताच्या रिपोर्टचा तू रात्री पावणेतीनला पाठवलेला फोटो आत्ता बघितला. पीएच 7.39, पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) 39, बायकार्ब (ॲसिड शमवणारं बायकार्बोनेट) 23, "मॅडम एबीजी (धमनीच्या रक्तातला गॅस) नॉर्मल आहे मग लॅक्टेट (रक्तातलं लॅक्टिक ॲसिड) 6 कसं, मशीन बिघडलंय का?" मशीन ठीक आहे. गॅप काढलास का?

ॲनायन गॅप गं, सोडियममधून क्लोराईड आणि बायकार्ब वजा करून उरतो तो, रिपोर्टवर न दिसणाऱ्या ॲसिडचा अंदाज. त्याच फोटोत खाली सोडियम 142, क्लोराईड 92 आहे. 142 मधून 92 आणि 23 वजा कर, 27 उरतात. अल्ब्युमिन, रक्तातलं प्रथिन, 2 आहे, ते कमी असलं की गॅप खोटा कमी दिसतो, म्हणून 4 च्या खाली दर ग्रॅमला अडीच मिळवायचे, झाले 32. नॉर्मल 12 धर, म्हणजे 20 जास्तीचे, आणि तरी बायकार्ब 23? अगं चार दिवस उलट्या, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) दोन लिटर निघालंय, पोटातलं ॲसिड गेल्याने झालेल्या त्या अल्कलोसिसनेच ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात साठलेलं ॲसिड, झाकलाय. आणि लॅक्टेट 6 ने 20 भरत नाहीत, म्हणून किडनीसाठी क्रिएटिनिन बघ, कीटोन (चरबी जळून होणारं ॲसिड) पाठव.

रागावत नाहीये. रागावतेय थोडी. मी रजिस्ट्रार, म्हणजे तुझ्यासारखी शिकाऊ डॉक्टर, असताना डायबेटिसच्या एका आजींना असंच झालेलं, तीन दिवस उलट्या, गॅस सुंदर, मी फाइलवर "नॉर्मल" लिहून चहाला गेले. कीटोन दुसऱ्या दिवशी कळले, आजी तोवर व्हेंटिलेटरवर. आता तेव्हा आम्ही सोडियम पोटॅशियमच पाठवायचो, क्लोराईडचे पैसे वेगळे पडायचे, रात्री लॅबला माणूस नसायचा, पण खरं सांगू, मागितलंच नव्हतं मी. म्हणून राउंडला सगळ्यांसमोर गॅप विचारते, ज्याला खडूस म्हणायचं त्याने म्हणावं. आणि मशीनने छापलेला गॅप नको, काही मशीन त्यात पोटॅशियमही धरतात, आकडा चारेकने फुगतो. पेनाने काढ.

1952 ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ होती, पेशंटचं बायकार्ब वाढलेलं बघून मोठमोठे डॉक्टर अल्कलोसिस म्हणत बसले, भूलतज्ज्ञ इब्सेन म्हणाला की अहो श्वास पुरत नाहीये, कार्बन डायऑक्साइड साठतोय, म्हणून बायकार्ब वाढलंय. त्यानंतर मेडिकलचे शेकडो विद्यार्थी आळीपाळीने हाताने श्वास देणारी बॅग दाबत बसले, मग पोरं जगायला लागली. तेही आकडा एकटा बघूनच फसले होते.

आणि सलाइन हात राखून दे असं आता तुला कुणीतरी सांगेल, क्लोराईड वाढतं म्हणून. या पेशंटचं क्लोराईड 92, म्हणजे आधीच कमी आहे गं, इथे सलाइनच हवं, पोटॅशियम बघून. गॅप काढला असतास तर हे आपोआप दिसलं असतं.

सकाळी सहा वाजताचा गॅस पाठवशील तेव्हा फोटोवर गॅप लिहिलेला हवा, नाहीतर मी उघडणार नाही.